सारनाथला निघालात, पण मुक्काम कुठे?

थंडी सुरू झाली की आपल्या वस्त्यावस्त्यांमधून धम्मयात्रेला निघणाऱ्यांची गर्दी सुरू होते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि जमले तर लुंबिनी. वर्षभर भिशी लावून, शिलाईकाम करून, पेन्शनमधून चार पैसे बाजूला काढून आपल्या उपासिका ही यात्रा करतात. यात्रेचे हँडबिल हातात पडले की प्रत्येकजण विचारतो, भाडे किती? नाश्ता आहे का? बस साधी की एसी? परंतु एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. वाराणसीत मुक्काम कुठे आहे? हँडबिलावर फक्त 'वाराणसी : १ रात्र, धर्मशाळा अथवा हॉटेल' एवढेच छापलेले असते, आणि तेवढ्यावर आपण पैसे भरून मोकळे होतो.

हा प्रश्न सोयी-गैरसोयीचा आहे असे कुणाला वाटेल. पंखा आहे का, गरम पाणी आहे का, संडास स्वच्छ आहे का, एवढेच पाहायचे असते असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे वेगळे आहे. उत्तरेतल्या एखाद्या शहरात, विशेषतः वाराणसीसारख्या शहरात, आपण रात्र कुठे काढतो हा चळवळीचा प्रश्न आहे. तो समजून घ्यायचा असेल तर माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक रात्र आधी सांगितली पाहिजे. ती सांगायला मला अभिमान वाटत नाही.

२००६ साल होते. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर आमच्या वस्तीतील लोकांनी ठरवले की यंदा सारनाथलाही जायचे. बाबासाहेब १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेनंतर बनारस, सारनाथ आणि कुशीनगरला गेले होते. त्यानंतर काही दिवसांतच ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणून आपणही नोव्हेंबरमध्येच जाऊ, असा सगळ्यांचा भावनिक आग्रह होता. आम्ही ३८ जण निघालो. त्यात निम्म्याहून अधिक साठीच्या पुढच्या बाया. मला नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती, त्यामुळे पत्रव्यवहार, तिकिटे आणि राहण्याची व्यवस्था माझ्याकडे आली.

वाराणसीच्या एका मोठ्या धर्मशाळेत मी पत्र लिहून जागा ठरवली आणि आगाऊ रक्कम मनिऑर्डरने पाठवली. सोबत यात्रेकरूंची यादी पाठवायची होती. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "यादीत आडनावं लिहू नका. तिकडचे लोक आडनावावरून ओळखतात. उगाच म्हाताऱ्या माणसांचे हाल नकोत." मी कायद्याचा पदवीधर. संविधानाचा १५ वा आणि १७ वा अनुच्छेद मला पाठ होता. तरीही मी यादीत कुणाचेही आडनाव लिहिले नाही. फक्त नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव. व्यवहार म्हणून मी ते केले, आणि त्या वेळी त्यात मला काही चुकीचेही वाटले नाही.

गाडी पाच तास उशिरा पोचली. रात्री साडेअकराला आम्ही वळकट्या घेऊन धर्मशाळेच्या दारात उभे. गादीवरच्या व्यवस्थापकाने यादी पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "पूरा नाम? कौन लोग हैं आप?" मी गप्प उभा राहिलो. काय सांगावे याचा विचार करत होतो. तेवढ्यात माझी आई पुढे झाली. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. तिने स्वतःचे नाव, माझ्या वडिलांचे नाव आणि आमचे आडनाव मोठ्याने सांगितले आणि म्हणाली, "लिखो. हम बौद्ध है. बाबासाहेब के लोग है." व्यवस्थापकाने वही मिटली. "सब कमरे भर गये हैं." आगाऊ रकमेची पावती माझ्या हातात होती. त्याने रक्कम मोजून परत केली आणि आत निघून गेला.

आई मला म्हणाली, "अरे, तू वकील ना? सांग की त्याला." मी सांगितले नाही. मागे थकलेली माणसे होती, एक आजी तापाने फणफणली होती, रात्र झाली होती, परका मुलूख होता. ही सगळी कारणे खरी होती. पण मी पोलीस ठाण्यातही गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही गेलो नाही, गावी परतल्यावर साधे एक पत्रही लिहिले नाही. ३८ माणसांनी ती रात्र रेल्वे स्टेशनवर काढली. पहाटे आम्ही टेम्पो करून सारनाथला गेलो. एका विहाराच्या दारात एक वयस्क भन्ते झाडत होते. त्यांनी विचारले, "कितने लोग हैं? चाय हुई?" सभागृह उघडले, चटया दिल्या. आजीला डॉक्टरकडे नेले. आमची नावे त्यांनी संध्याकाळी विचारली, तीसुद्धा नोंदवहीत लिहायची म्हणून. त्यावेळी आईने सगळ्यांची पूर्ण नावे आडनावासकट सांगितली आणि मी ती लिहून घेतली.

ज्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचले आहे त्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न होता तो मुक्कामाचा. हिंदू हॉटेल त्याला घेणार नव्हते. पारशी धर्मशाळेत त्याला पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन जमाव आला आणि त्याला बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोघांनीही अडचण सांगितली. शेवटी मुंबईची गाडी सुटेपर्यंत तो बागेत बसून राहिला. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला एका रात्रीसाठी छप्पर मिळाले नाही. नाव बदलूनसुद्धा ते टिकले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या यादीत मी आडनावे गाळली ती यादी म्हणजे त्याच पारशी नावाची गरीब आवृत्ती होती. फरक एवढाच की बाबासाहेबांपुढे १९१७ मध्ये कायदा नव्हता. माझ्यापुढे २००६ मध्ये होता, तोही त्यांनीच दिलेला.

काही मित्र म्हणतात, हे सगळे जुने झाले. वाराणसी शहराचाच इतिहास पाहू. बाबू जगजीवनराम बनारस हिंदू विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा वसतिगृहातील जेवणापासून न्हाव्यापर्यंत त्यांना अस्पृश्यतेला तोंड द्यावे लागले. पुढे ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९७८ मध्ये त्याच शहरात त्यांच्या हस्ते डॉ. संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा नंतर तो पुतळा गंगाजलाने धुऊन 'शुद्ध' करण्यात आला. ज्याच्या हुकमात देशाचे सैन्य होते, त्याचा हात लागल्याने दगड बाटतो, असे मानणारे लोक त्या शहरात होते. आपल्या वस्तीतल्या उपासिकेला ते गादीवर बसून 'कौन लोग' विचारतील, यात आश्चर्य ते काय?

पण वाराणसी म्हणजे फक्त हेच शहर नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते इथूनच सुरू होते. त्याच परिसरात दुसरे एक शहर आहे आणि ते आपले आहे. स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर सारनाथ आहे, पालीतले इसिपतन. तथागतांनी पहिले धम्मचक्रप्रवर्तन तिथे केले आणि पहिला वर्षावासही तिथेच केला. विनयपिटकात यशाची गोष्ट येते. वाराणसीच्या श्रीमंत श्रेष्ठीचा हा मुलगा रात्री घर सोडून, शहराबाहेर पडून इसिपतनला तथागतांकडे आला. अडीच हजार वर्षांपूर्वी वाराणसीतल्या एका तरुणाने महाल सोडून सारनाथची वाट धरली, आणि आपले यात्रा संयोजक मात्र सारनाथला आलेल्या माणसांना रात्री मुक्कामाला गोदौलियाच्या गर्दीत नेतात!

विहार या शब्दाचा मूळ अर्थच मुळी राहण्याची जागा असा आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला तेव्हा सारनाथच्या संघारामात दीड हजार भिक्खू राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. आपल्या नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांतले शिलालेख पाहा. तिथली दाने चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिलेली आहेत, म्हणजे जो कुठल्याही दिशेने येईल त्याला. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यावर विहिरी, वडाची झाडे आणि विश्रामगृहे केल्याचे नोंदवले, तीही माणसे आणि जनावरे या सर्वांच्या सुखासाठी. वाटसरूला निवारा देणे हा धम्माचा जुना संस्कार आहे. त्याच अशोकाचे सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सारनाथला सापडले, आणि २६ जानेवारी १९५० ला ते भारताचे राजचिन्ह झाले. त्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने आम्हाला ज्या नोटा परत केल्या, त्या नोटांवरही सारनाथचे तेच सिंह छापलेले होते.

आता आपल्या यात्रांचा प्रत्यक्ष कार्यक्रम कसा असतो ते पाहू. सकाळी वाराणसीला उतरायचे, घाटाजवळच्या लॉजमध्ये सामान टाकायचे, दुपारी दोन तासांत सारनाथ 'उरकायचे', संध्याकाळी गंगा-आरती, रात्री बनारसी साड्यांची खरेदी. धामेक स्तूपासमोर फोटो काढून होईस्तोवर बसवाला हॉर्न वाजवतो. वस्तुसंग्रहालय तर अनेकांचे राहूनच जाते. ते शुक्रवारी बंद असते, एवढीही चौकशी कुणी केलेली नसते. अनागारिक धम्मपालांनी कष्टाने उभारलेले १९३१ चे मूलगंधकुटी विहार बाहेरूनच पाहिले जाते. धर्मराजिक स्तूपाची आज फक्त गोल पायथ्याची खूण उरली आहे. १७९४ च्या सुमारास त्याच्या विटा शहरातल्या जगतगंजच्या बांधकामासाठी नेल्या गेल्या. ही खूण आपल्या माणसांना कुणी दाखवतच नाही. यात्रा बौद्धांची आणि वेळापत्रक पुरोहितांचे, असे हे चालले आहे. मुक्काम जिथे पडतो, तिथल्या सवयीने माणूस वागू लागतो. घाटावर राहिलेली आपली उपासिका सकाळी शेजारणीबरोबर गंगेत डुबकी मारून येते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला तिथे कुणी नेऊन ठेवले, हा प्रश्न आहे.

म्हणून माझा पहिला मुद्दा साधा आहे. सारनाथला जायचे तर मुक्काम सारनाथलाच करा, आणि एक नव्हे दोन रात्री करा. तिथे श्रीलंका, थायलंड, म्यानमार, तिबेट, जपान अशा अनेक देशांच्या परंपरांचे विहार आहेत. त्यांपैकी काही ठिकाणी यात्रेकरूंच्या राहण्याची साधी सोय होते. त्यासाठी आधी पत्र पाठवून किंवा फोन करून विचारावे लागते. लहान गेस्ट हाऊस आणि हॉटेलेही आहेत. संध्याकाळी बसेस निघून गेल्यावर आणि पहाटे त्या यायच्या आधी सारनाथ जसे दिसते, तसे ते दुपारच्या गर्दीत दिसत नाही. आपल्या आयाबायांना तिथे बसून शांतपणे त्रिसरण-पंचशील म्हणता येते. आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसाला एवढे तरी मिळाले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शहरात जरूर जा, पण आपल्या लोकांचे शहर पाहायला जा. कबीरचौऱ्याला कबीरांचा मठ आहे, लहरताऱ्याला त्यांच्या जन्माची कथा जोडलेली आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या जवळ सीर गोवर्धनपूर येथे संत रविदासांचे जन्मस्थान मंदिर आहे. माघ पौर्णिमेला रविदास जयंतीसाठी पंजाबमधून आणि परदेशांतूनही लोक तिथे येतात. जालंधरहून खास रेल्वेगाडी सुटते. तंबू लागतात, लंगर चालतो. पंजाबच्या चर्मकार समाजाने वाराणसीत कुणाच्या धर्मशाळेची परवानगी मागितली नाही. त्यांनी आपल्या संताच्या गावात आपली जागा उभी केली. रविदासांनी बेगमपुरा नावाच्या शहराची कल्पना मांडली, जिथे दुःख नाही, कर नाही आणि कुणाच्या फिरण्यावर अडकाठी नाही. जिथे प्रवाशाला अडवत नाहीत असे शहर त्यांनी कल्पिले, तेही याच वाराणसीत राहून! आपल्यापैकी किती यात्रा सीर गोवर्धनपूरला थांबतात?

आता कायद्याबद्दल. हा भाग कापून ठेवला तरी चालेल. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करताना केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणावरही निर्बंध घालता येत नाही. हा अनुच्छेद सरकारपुरता मर्यादित नाही, खाजगी मालकालाही तो लागू होतो. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये तर हॉटेलबरोबरच धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे मज्जाव केला तर किमान एक महिना आणि कमाल सहा महिने कैद आणि दंड. हा दखलपात्र गुन्हा आहे. आणि कलम १२ असे सांगते की ज्याच्यावर निर्बंध घातला तो अनुसूचित जातीचा असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्याच कारणावरून झाले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे आहे.

काही धर्मशाळावाले म्हणतात, आमची धर्मशाळा फक्त हिंदूंसाठी आहे, तुम्ही बौद्ध. या अधिनियमाच्या कलम ३ खालील स्पष्टीकरणात, कलम ३ आणि ४ पुरते बौद्ध, शीख आणि जैन यांनाही हिंदू मानलेले आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे वाचून राग येईल, मलाही येतो. पण त्या कलमाचा परिणाम एवढाच की धर्माची सबब पुढे करून जातीचा दरवाजा लावता येत नाही. तुमची हिंदू म्हणून ओळख त्यामुळे होत नाही, समोरच्याची पळवाट मात्र बंद होते.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाला आडकाठी करणे हाही गुन्हा धरला गेला. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या यादीतही स्थान आहे, त्यामुळे धर्मांतराचे कारण सांगून हा कायदा टाळता येत नाही. आणखी एक शंका नेहमी येते. महाराष्ट्राच्या यादीतली जात उत्तर प्रदेशच्या यादीत असेलच असे नाही, मग तिथे हा कायदा लागू होईल का? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या प्रश्नावर निर्णय दिला की या कायद्याचे संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरते मर्यादित नाही, तो देशात कुठेही गेला तरी ते त्याच्याबरोबर जाते. हा निर्णय उत्तर प्रदेशच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, परंतु तो तिथे आधार म्हणून दाखवता येतो.

प्रवासात तक्रार करायला वेळ नसतो, ही खरी अडचण आहे. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे वाराणसीत घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद गावी परतल्यावर तुमच्या तालुक्याच्या ठाण्यातही देता येते. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६६ आहे. आगाऊ रकमेची पावती, मोबाइलवरचे संदेश, साक्षीदारांची नावे आणि वेळ, एवढे जपून ठेवा. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हॉटेलने ओळखपत्र मागणे आणि वहीत नाव-पत्ता लिहिणे यात काही गैर नाही. त्यावर उगाच भांडू नका. ओळखपत्र पाहिल्यावर 'कौन जात' विचारले गेले, किंवा आडनाव वाचून खोली 'भरली', तर तिथे गुन्ह्याची सुरुवात होते.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की आज मोबाइलवर खोली बुक होते, पैसे टाकले की कुणी काही विचारत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी खरे आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये काशी-विश्वनाथ कॉरिडॉर झाल्यापासून शहरात गर्दी वाढली आणि खोल्यांचे दरही वाढले. भिशीच्या पैशातून आलेली उपासिका एका रात्रीला तीन-चार हजार रुपये कुठून आणणार? धर्मशाळा हा गरीब माणसाचा निवारा आहे आणि आपला समाज आजही बहुतांशी गरीब आहे. हॉटेलात राहणाऱ्या आपल्या अधिकारी बांधवांना जो अनुभव येत नाही, तो अस्तित्वातच नाही असे त्यांनी समजू नये. आणि आडनाव पाहून खोली नाकारण्याचा अनुभव आज मुस्लिम बांधवांनाही अनेक शहरांत येतो, हेही आपण विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण आपल्याच विहारात राहायला लागलो तर पुन्हा वेगळी वस्ती करून राहिल्यासारखे होणार नाही का? गावकुसाबाहेरून निघालो ते शहराबाहेर जाऊन थांबलो, असे नाही का होणार? याचे उत्तर महाडने दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो ते तहान लागली म्हणून नव्हे, तर हक्क आहे म्हणून. हक्क मिळवल्यावर त्याच तळ्याचे पाणी रोज प्यायलेच पाहिजे असे बंधन नसते. मुक्कामाचेही तसेच आहे. सारनाथला राहायचे ते आपण निवडले म्हणून. शहरातल्या धर्मशाळेने हाकलले म्हणून तिथे जावे लागले तर ती निवड नाही, ती सक्ती आहे. त्या दोन गोष्टी आम्ही २००६ मध्ये एक करून टाकल्या. भन्तेंनी प्रेमाने जागा दिली आणि त्या समाधानात आम्ही धर्मशाळेचा गुन्हा विसरलो. चूक तिथे झाली. सारनाथला राहून, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाता आले असते.

आता चार शब्द आपल्याच लोकांना. विहार ही फुकटची लॉज नव्हे. काही यात्रांनी विहारांच्या आवारात स्टोव्ह पेटवून स्वयंपाक केल्याचे, कठड्यावर धुणी वाळत घातल्याचे, रात्री उशिरापर्यंत मोठ्याने बोलल्याचे मी स्वतः पाहिले आहे. दानपेटीत दहा रुपये टाकून ४० माणसे दोन दिवस राहतात. परदेशी भन्ते बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी 'जागा नाही' असे उत्तर येते. त्या 'नाही'ला जातीयता म्हणता येणार नाही, ती आपण कमावलेली असते. यात्रेच्या वर्गणीत निवासाचे दान वेगळे काढा आणि निघताना पावती घेऊन ते जमा करा. खोली झाडून द्या. आणि आपल्याच यात्रेत 'त्यांचे जेवण वेगळे, आमचे वेगळे' अशी पोटजातीची कुजबुज चालत असेल, तर आपल्याला त्या व्यवस्थापकावर बोलण्याचा अधिकार राहत नाही.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती, म्हणून गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंचा निवारा विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला पाहिजे, ही त्या दोन महापुरुषांची दृष्टी होती. आज आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात कमानी, स्टेज आणि डीजे यांवर जेवढा खर्च होतो, त्याचा काही भाग पाच-सहा जिल्ह्यांतील संस्थांनी एकत्र केला, तर सारनाथला आपल्या माणसांचे एक साधे यात्री निवास उभे राहू शकते. यात्रेचा हंगाम नसेल तेव्हा तिथे पूर्वांचलच्या गावांतून वाराणसीला शिकायला येणारी दलित मुले-मुली राहतील. ट्रस्ट रीतसर नोंदलेला असावा, हिशेब दरवर्षी छापलेला असावा, आणि नोंदवहीत जातीचा रकाना नसावा. दार चारही दिशांच्या माणसांसाठी उघडे असावे. तापाने फणफणलेली ब्राह्मणाची आजी रात्री साडेअकराला आली तरी तिला चटई मिळाली पाहिजे. धम्म यालाच म्हणतात.

हे उभे राहीपर्यंत निदान एवढे करा. हँडबिल हातात आले की संयोजकाला विचारा, सारनाथला किती रात्री? मुक्काम कुणाकडे? नाकारले तर तक्रार कोण करणार? प्रत्येक यात्रेत एक वकील किंवा कायदा जाणणारा कार्यकर्ता असावा, आणि तो माझ्यासारखा गप्प राहणारा नसावा.

माझी आई आज हयात नाही. त्या रात्रीबद्दल ती मला पुन्हा कधीच काही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागते. त्यानंतर मी चार वेळा यात्रा घेऊन सारनाथला गेलो. यादी आता मीच टाइप करतो. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, गाव. एकही अक्षर गाळत नाही. तुम्हीही गाळू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.